सर्व्हर हलवण्याची तयारी, आणि त्यातलं पीटीआर

सेंटओएस ७ या सर्व्हरच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा (ओएसचा) सपोर्ट ३० जून २०२४ ला संपला. माझा होस्टिंगचा सर्व्हर मी आदल्या रात्री, शनिवारी २९ तारखेला, नव्या मशीनवर हलवला. ४१ साइट, शंभरेक मेलबॉक्स. पहाटे चारला सगळ्या साइट उघडत होत्या, म्हणून झोपलो. १० जुलैला एका कर सल्लागारांचा फोन आला. त्यांच्या एकाही क्लायंटला आठवडाभर मेल पोचलेला नव्हता. विवरणपत्रं भरायची मुदत ३१ जुलैला संपत होती आणि त्यांचं सगळं काम मेलवर चालतं. कारण शोधायला मला वीस मिनिटं लागली: नव्या आयपीला पीटीआर, म्हणजे आयपीवरून सर्व्हरचं नाव सांगणारी नोंद, लावलेलंच नव्हतं. माझ्याकडे छापलेली दोन पानांची यादी होती, प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण होती आणि पीटीआर हा शब्द त्यात कुठेच नव्हता. त्या माणसांचा गेलेला आठवडा मला परत देता आला नाही. म्हणून ही यादी पुन्हा लिहितो आहे. माझ्या दुसऱ्या सर्व्हरवर डेबियन ११ आहे, त्याची एलटीएसची, म्हणजे लांबवलेल्या सपोर्टची, मुदत ३१ ऑगस्ट २०२६ ला संपते, आणि हे काम तिथेही करायचंच आहे.

पहिली गोष्ट तारीख. मुदत संपायच्या आठवड्यात सुरुवात करू नका, किमान दोन महिने हाताशी ठेवा. जाहीर झालेली तारीखही कायम राहीलच असं धरून चालू नका. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल असं सगळे समजून होते. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की तो ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. सात नंबर आठच्या अडीच वर्षं पुढे जगला. ज्यांनी घाईने आठवर उडी मारली होती त्यांना दोनदा हलावं लागलं.

‘मुदत संपली तरी सर्व्हर चालतोच की’ असं म्हणणारे मला अजून भेटतात. चालतो, खरं आहे. पण सेंटओएस ७ चे मिरर, म्हणजे पॅकेजं उतरवायचे सर्व्हर, त्या तारखेनंतर बंद झाले, यम अपडेट ही अपडेटची कमांड दिली की पत्ताच सापडत नाही असं उत्तर यायला लागलं. मग लोक व्हॉल्टचा पत्ता टाकतात, यम पुन्हा चालतं आणि त्यांना वाटतं प्रश्न सुटला. व्हॉल्टमध्ये फक्त जुनी पॅकेजं जपून ठेवलेली आहेत, तिथे नवी दुरुस्ती येत नाही. मुदत संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १ जुलै २०२४ ला, ओपनएसएसएच या दुरून लॉगिन करायच्या प्रोग्रॅममधली रेग्रेशन (regreSSHion) ही मोठी खोट जाहीर झाली. सेंटओएस ७ मधलं ओपनएसएसएच ७.४ इतकं जुनं की ते त्यातून वाचलं. ते निव्वळ नशीब होतं. पुढच्या खोटेला ते लागू असेल तर तुमच्यासाठी दुरुस्ती कोणी करणार नाही.

आता ठरवा: त्याच मशीनवर ओएस बदलायची की नवीन मशीन घ्यायचं. सीपॅनेल हे होस्टिंगचं कंट्रोल पॅनेल वापरणाऱ्यांसाठी एलिव्हेट नावाची स्क्रिप्ट आहे, ती सेंटओएस ७ ला जागच्या जागी अल्मालिनक्स ८ करते. मी ती वापरत नाही. दहा वर्षांचे हातचे बदल पोटात असलेली मशीन मध्येच अडकली, तर पुढेही जाता येत नाही आणि मागेही येता येत नाही. वापरायचीच असेल तर आधी संपूर्ण डिस्कचा स्नॅपशॉट घ्या, आणि तो परत चढतो का तेही करून बघा. माझं मत नव्या मशीनचं: जुनी शेजारी चालू राहते, शांतपणे तपासता येतं. पण जागच्या जागी बदललं तर आयपी तोच राहतो, नव्या मशीनवर आयपी बदलतो, आणि आयपी बदलला की पीटीआर जातं.

म्हणून पीटीआर आत्ताच. नवा सर्व्हर विकत घेतला त्याच दिवशी, त्यावर काहीही बसवायच्या आधी.

पीटीआर नजरेतून का सुटतं, ते सांगतो. तुमच्या डोमेनच्या बाकी सगळ्या नोंदी, ए (नावावरून आयपी सांगणारी), एमएक्स (मेल कुठे जायचा ते सांगणारी), टीएक्सटी, तुमच्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाइलमध्ये, असतात. झोन उचलला की त्या सगळ्या बरोबर येतात. पीटीआर तिथे नसतं. आयपीवरून नाव सांगणारी ती उलटी नोंद ज्याच्या मालकीचा आयपी त्याच्या हातात असते, म्हणजे डेटा सेंटरच्या किंवा क्लाऊडवाल्याच्या. कुठलंही ट्रान्सफर टूल ती हलवत नाही, बॅकअपमध्ये ती येत नाही, आणि साइट उघडताना तिची गरजच पडत नाही. त्यामुळे साइट बघून सगळं ठीक आहे असं ठरवणाऱ्याला ती कधीच दिसत नाही. मला दिसली नाही.

काही ठिकाणी ती कंट्रोल पॅनेलमधून स्वतः भरता येते. काही ठिकाणी तिकीट टाकावं लागतं आणि उत्तराला दोन दिवस जातात, शनिवार-रविवार मध्ये आला तर जास्त. माझ्यासारखं शनिवारी रात्री आठवून उपयोग नाही, आणि मला तर आठवलंही नव्हतं. नोंद भरताना तीन गोष्टी जुळायला हव्यात: पीटीआर जे नाव सांगतं ते, त्या नावाची ए नोंद, जी याच आयपीवर परत यायला हवी, आणि मेल पाठवणारा प्रोग्रॅम एक्झिम हेलोमध्ये, म्हणजे स्वतःची ओळख देताना, जे नाव सांगतो ते. यातलं एक जरी वेगळं असलं तरी समोरचा सर्व्हर संशय घेतो. आणि आयपीव्ही६ चं, म्हणजे नव्या प्रकारच्या लांब आयपीचं, पीटीआर वेगळं लावावं लागतं. नव्या मशीनला बहुधा आयपीव्ही६ पत्ता आपोआप मिळालेला असतो, आणि जीमेलकडे मेल जाताना एक्झिम तो आधी वापरून बघतो. चारचं (नेहमीच्या आयपीव्ही४ चं) लावलं आणि सहाचं राहिलं तर मेल तरीही अडतील. सहाचं लावता येत नसेल तर एक्झिमला फक्त चार वापरायला सांगा.

तपासायला डिग कमांडला वजा एक्स लावून दोन्ही आयपी द्या. तुमच्या सर्व्हरचं नाव आलं पाहिजे. डेटा सेंटरचं आकड्यांनी भरलेलं लांबलचक नाव आलं तर ते लागलेलं नाही.

त्याच दिवशी अजून दोन गोष्टी बघून घ्या. बऱ्याच क्लाऊडवाल्यांकडे २५ नंबरचं पोर्ट बाहेर जायला बंद असतं, ते उघडायला अर्ज लागतो. आणि मिळालेला आयपी आधीच्या भाडेकरूने खराब केलेला असू शकतो, स्पॅमहाउसच्या (स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या) यादीत बघा. यादीत असेल तर तो आयपी परत करा, भांडत बसू नका.

मग जुन्या मशीनची झडती. साइट, डेटाबेस, मेलबॉक्स हे कोणी विसरत नाही. विसरतात ते क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं: प्रत्येक यूजरचे वेगळे, रूटचे वेगळे, इटीसीमधल्या क्रॉन फोल्डरांत टाकलेले वेगळे. नवी मशीन बऱ्याचदा यूटीसीवर येते, वेळ एशिया-कोलकाता करा, नाहीतर मध्यरात्रीचा बॅकअप सकाळी साडेपाचला सुरू होईल. सेंटओएस ७ वर पायथन म्हटलं की २.७ चालायचं. अल्मालिनक्स ८ वर नुसतं पायथन म्हटलं तर काहीच सापडत नाही, तुमच्या जुन्या स्क्रिप्टा गुपचूप मरतात. फायरवॉलचे हातचे नियम. अपाचेच्या कॉन्फिगमध्ये कधीकाळी घुसडलेल्या ओळी. आणि जिथे जिथे तुमचा आयपी बाहेरच्या कोणाकडे नोंदवलेला आहे ती सगळी ठिकाणं: एसएमएस गेटवे, पेमेंट गेटवे, सीपॅनेलचं लायसन्स, दुसऱ्या मशीनवरून डेटाबेसला येणारी परवानगी. ग्राहकांना विचारा. त्यांना आठवत नसेल तर कोडमध्ये शोधा.

पीएचपी. ज्या साइटमध्ये मायएसक्यूएल कनेक्टचं जुनं फंक्शन आहे ती पीएचपी ७ पासून चालतच नाही, क्रिएट फंक्शन आणि ईच हे पीएचपी ८ मध्ये गेले. नव्या ओएसवर जुनं पीएचपी मिळेलच असं नाही. अशा साइटच्या मालकाला दोन महिने आधी लेखी कळवा, दुरुस्तीचा खर्च सांगा. आदल्या रात्री सांगितलं तर तो तुम्हालाच धरणार, आणि त्याचं बरोबर आहे.

डेटाबेसवर जरा थांबतो, कारण मराठी मजकूर असलेल्या साइटला इथे मोठा धोका आहे. मायएसक्यूएल ५.७ पर्यंत मूळ कॅरेक्टर सेट (अक्षरं साठवायची पद्धत) लॅटिन१ होता, ८.० मध्ये तो यूटीएफ८एमबी४ झाला. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या कित्येक साइटमध्ये देवनागरी मजकूर लॅटिन१ च्या टेबलात पडून आहे. पीएचपी आणि डेटाबेस दोघेही लॅटिन१ समजून बाइट जसेच्या तसे देत-घेत होते, म्हणून ब्राउझरमध्ये सगळं व्यवस्थित दिसायचं. नेहमीसारखा डंप (डेटाबेसची फाइल) काढून नव्या मशीनवर चढवलात की प्रत्येक अक्षराच्या जागी तीन विचित्र चिन्हं येतात. आधी ओळखायचं कसं? एखाद्या ओळीतल्या ‘नमस्कार’ या शब्दाची कॅरेक्टर लेंग्थ विचारा. ७ आली तर मजकूर नीट आहे. २१ आली तर बाइटच अक्षरं म्हणून मोजले जाताहेत, म्हणजे लॅटिन१ चं प्रकरण आहे. तसं असेल तर डंप लॅटिन१ सांगूनच काढा, त्यात सेट नेम्सची ओळ येऊ देऊ नका, फाइलमधल्या टेबलांच्या व्याख्येत लॅटिन१ च्या जागी यूटीएफ८एमबी४ करा आणि चढवताना यूटीएफ८एमबी४ सांगा. मग पुन्हा ‘नमस्कार’ मोजा. एका टेबलावर करून बघितल्याशिवाय सगळ्यांवर करू नका. एका वाचनालयाची अठरा हजार पुस्तकांची मराठी सूची मी अशीच वाचवली, आणि त्या कामाला एक अख्खा रविवार गेला.

शिवाय ८.० मध्ये रँक आणि ग्रुप्स हे राखीव शब्द झाले. त्या नावाचा कॉलम किंवा टेबल असेल तर क्वेरी मोडते. शाळांच्या निकालाच्या साइटवर रँक नावाचा कॉलम हमखास असतो.

सर्व्हर हलवायच्या दोन दिवस आधी डीएनएसचा टीटीएल, म्हणजे नोंद किती सेकंद कॅशमध्ये राहते तो आकडा, ३०० करा. सीपॅनेलचा मूळ आकडा १४४००, म्हणजे चार तास, आणि जुना आकडा लोकांच्या कॅशमधून जायला तेवढा वेळ द्यावाच लागतो. स्वतःचे नेमसर्व्हर असतील तर रजिस्ट्रारकडच्या ग्लू नोंदीत (नेमसर्व्हरचा आयपी सांगणाऱ्या) नवा आयपी टाका. ज्या ग्राहकांचं डीएनएस तुमच्याकडे नाही त्यांची वेगळी यादी करा. त्यांच्या एसपीएफ नोंदीत (कुठल्या आयपीवरून मेल येऊ शकतो ते सांगणाऱ्या) जुना आयपी लिहिलेला असतो आणि तो बदलून घ्यायला तुम्हालाच मागे लागावं लागतं. डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली जुनीच बरोबर न्या. नवी तयार झाली तर बाहेरचं डीएनएस जुनीच सांगत राहतं आणि सही जुळत नाही. आणि हे सगळं, एसपीएफ, डीकेआयएम, अगदी बिनचूक असलं तरी पीटीआर नसेल तर मेल अडतात. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने प्रत्येक पाठवणाऱ्यासाठी वैध पीटीआर सक्तीचं केलं आहे, दिवसाला दहा मेल पाठवणाऱ्यालासुद्धा. माझ्याकडे तिन्हीतलं दोन होतं.

साइटची एसएसएल प्रमाणपत्रं जुन्या मशीनवरून उचलून आणा. डीएनएस वळेपर्यंत नव्या मशीनवर लेट्स एन्क्रिप्ट (फुकट प्रमाणपत्रं देणारी सेवा) प्रमाणपत्र देणार नाही, आणि त्याच नावांचं प्रमाणपत्र पुन्हा पुन्हा मागत बसलात तर आठवड्याला पाचनंतर थांबवतं.

आता चाचणी. आपल्या संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नवा आयपी टाकून प्रत्येक साइट उघडा. प्रत्येक. फॉर्म भरा, लॉगिन करा, फोटो चढवा. पण लक्षात ठेवा, या चाचणीत मेल तपासला जात नाही. माझी चूक नेमकी इथे झाली, मी ब्राउझर बंद केला आणि झालं म्हटलं. नव्या सर्व्हरवरून एक मेल जीमेलला पाठवा, एक आउटलुकला, एक याहूला. पोचला एवढ्यावर थांबू नका. जीमेलमध्ये मूळ संदेश उघडून एसपीएफ आणि डीकेआयएमपुढे पास लिहिलंय का बघा, आणि मेल कुठल्या आयपीवरून आला ते बघा, चारच्या की सहाच्या. मग एक्झिमची रांग आणि मेन लॉग. माझ्या लॉगमध्ये पहिल्या रात्रीपासून ४२१ आणि ४.७.२३ असे आकडे शेकड्यांनी पडलेले होते, पुढे ५५०, ५.७.२५. दोन्हींचा अर्थ एकच, पीटीआर नाही. ४२१ वर एक्झिम काही दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो, म्हणून पाठवणाऱ्याला लगेच काही परत येत नाही. वेबसाइटच्या फॉर्मवरून गेलेल्या मेलचे बाउन्स (न पोचल्याचे निरोप) तर सिस्टिमच्या अशा मेलबॉक्सात पडतात जो कोणी उघडत नाही. दहा दिवस कोणाला कळलं नाही ते यामुळे. पहिला आठवडा रोज सकाळी रांग मोजा. वीसपेक्षा जास्त दिसली की लॉग वाचा.

प्रत्यक्ष रात्र. महिन्याची अखेर, जीएसटीची तारीख, निकालाचा दिवस टाळा. ग्राहकांना आधी कळवा. जुन्या मशीनवर लिहिणं थांबवा, शेवटचा डेटाबेस डंप, शेवटचं आरसिंक (फायलींची नक्कल), डीएनएस वळवा. मेलबॉक्सचं आरसिंक दुसऱ्या दिवशी परत एकदा, कारण काही मेल जुन्याकडेच उतरतात.

बॅकअप नव्या मशीनवर सुरू आहे का ते बघा, एक फाइल परत काढून. रूटचे पासवर्ड, किल्ल्या बदला.

जुनी मशीन दोन-तीन आठवडे ठेवा, नंतर बंद. डिस्क पुसण्याआधी लॉग काढून घ्या: सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात. जुन्या आयपीचा उल्लेख सगळ्या एसपीएफ नोंदींतून काढा, तो उद्या दुसऱ्या कोणाला तरी मिळणार आहे.

नव्या ओएसची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. अल्मालिनक्स ८ ची मार्च २०२९, ९ ची मे २०३२. मी आठवण एक वर्ष आधीची लावली आहे, आणि त्या नोंदीत पहिली ओळ लिहिली आहे: नव्या आयपीचं पीटीआर, चारचं आणि सहाचं.