जीपची पेट्रोल टाकी बदलण्याआधीची तयारी

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपच्या ड्रायव्हरची सीट उचलली की खाली टाकीचं तोंड दिसतं. १५ अमेरिकन गॅलन, म्हणजे साधारण ५७ लिटर पेट्रोलवर माणूस बसलेला असतो. विलीज आणि फोर्डनं मिळून अशा सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या. त्यातली एखादी आजही आपल्याकडे कुणाच्या गोठ्यामागे सापडते, आणि सापडते तेव्हा टाकी बहुधा चाळण झालेली असते. नवी टाकी मागवणं सोपं आहे. पण माझी आल्यावर तीन महिने माळ्यावर पडून होती, कारण बाकी काहीच तयार नव्हतं. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतोय.

टाकी मागवायच्या आधी खड्डा मोजा. टाकी बॉडीच्या तळात केलेल्या खोलगट खड्ड्यात बसते. सुरुवातीच्या गाड्यांत या खड्ड्याचे कोपरे काटकोनी होते, पुढच्या गाड्यांत गोलाई आली, आणि टाक्याही त्याप्रमाणे बदलल्या. काटकोनी टाकी गोल खड्ड्यात बसत नाही. शिवाय गेल्या ऐंशी वर्षांत कुणीतरी तिथला पत्रा एकदा तरी बदललेला असतोच, आणि आपला पत्रेवाला खोली अंदाजानं धरतो. खड्डा अर्धा इंच उथळ झाला तरी सीटची फ्रेम टाकीवर टेकते. पुठ्ठ्याची खोटी टाकी करून ती खड्ड्यात उतरवून बघा, वर सीट ठेवून बघा, मगच पैसे भरा. तोंडही विचारून घ्या: आधीच्या टाकीचं तोंड लहान, नंतरच्या टाकीचं जेरीकॅनमधून सरळ ओतता येईल एवढं मोठं. नंतरच्या नागरी जीपची टाकी गळ्यात मारणारे भेटतील. तिचं तोंड बॉडीच्या बाजूनं बाहेर येतं. तिच्यासाठी लष्करी जीपच्या बॉडीला भोक पाडू नका, ते नंतर कितीही बुजवलं तरी दिसतं.

खड्ड्याचं पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम टाकी घरात यायच्या आधी संपवा. तळाला पाणी निचरायची भोकं असतात. डेंटर ती पुटीनं भरून टाकतो, त्याच्या दृष्टीनं ती फक्त भोकं असतात. रेड ऑक्साईड मारा, रंग मारा आणि आठवडाभर वाळू द्या. टाकीखाली नमदा घालू नका, तो पहिल्याच पावसाचं पाणी दिवाळीपर्यंत धरून ठेवतो. नायट्राईल रबराच्या पट्ट्या बऱ्या.

जुनी टाकी बाहेर काढायच्या दिवशी बॅटरीची अर्थची वायर आधी सोडा. उजेडाला लोंबता बल्ब नको, एलईडी टॉर्च घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती सर्व्हिस पिटमध्ये उतरून बसते आणि कोपऱ्यातल्या पंख्याची ठिणगी तिला पुरते. दार उघडं ठेवा, पावडरचं अग्निशामक हाताशी ठेवा. काढलेली टाकी भंगारात देण्याची घाई करू नका, पट्टे कुठे वळतात आणि नळी कुठून निघते ते तिच्यावरच कळतं. आणि तिला टाका मारून घ्यायचा विचार असेल तर सोडून द्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा वेल्डिंगच्या आचेनं आत साचलेल्या जुन्या पेट्रोलच्या डिंकाची वाफ सोडते आणि फुटते.

नवी टाकी म्हणजे स्वच्छ टाकी असं समजू नका. माझ्या टाकीत वेल्डिंगचे मणी खुळखुळत होते. आत चुंबक फिरवा, दोन लिटर पेट्रोल घालून हिंदकळवा, पांढऱ्या फडक्यातून गाळा, फडकं स्वच्छ येईपर्यंत पुन्हा. मग गळती बघायची. तोंडं बुजवून सायकलच्या हातपंपानं हवा भरा, पण २ पीएसआयच्या वर जाऊ नका, सांध्यांना साबणाचा फेस लावा. कॉम्प्रेसर लावाल तर टाकी पुरीसारखी फुगेल. पावसाळ्यात हे काम काढू नका हे माझं ठाम मत आहे: आतून लेप नसलेला पत्रा चार दिवसांत तांबूस होतो.

आता पेट्रोल. पंपावर सध्या २० टक्के इथेनॉल मिसळलेलं मिळतं. १९४२ सालची जीप त्यासाठी बनवलेली नव्हती. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, जुनं रबर फुगवतं, बुचाच्या गॅस्केटला कुरतडतं. म्हणून टाकीबरोबरच रबरी नळ्या, पंपाचा पडदा, फिल्टरची वॉशर हे सगळं इथेनॉलला टिकणारं मागवून ठेवा. टाकीला आतून लेप द्यायचा असेल तर डब्यावर इथेनॉलचा उल्लेख बघा. न टिकणारा लेप साय धरल्यासारखा सुटतो आणि नळीच्या तोंडाशी जाऊन बसतो.

पेट्रोलची मूळ नळी अडीच सुती, म्हणजे ५/१६ इंची. ८ मिलिमीटरची नळी जवळपास तीच, ती चालून जाते. नटचे आटे मात्र इंचीच हवेत. मेट्रिक नट दोन वेढे गोडीत जातो, तिसऱ्याला आटे खातो. इंची पाने उसने मिळत नाहीत, आधी जमवा. पुण्याच्या जुन्या बाजारात मला अख्खा संच मिळाला, गंजलेला पण अस्सल.

पेट्रोल गेजचा फ्लोट, म्हणजे दांडीवरचा तरंगणारा डबा, टाकी खाली उतरवण्याआधी बसवा, नंतर स्क्रूड्रायव्हर फिरायला जागा राहत नाही. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवा, बुडबुडे आले तर तो आत पेट्रोल घेणार. मल्टिमीटर लावून दांडी वरखाली करा, आकडा सलग बदलला पाहिजे. मूळ गाडी ६ व्होल्टची. कुणी १२ व्होल्ट केली असेल तर गेजला व्होल्टेज उतरवून द्या. रंगवलेली टाकी रबरावर बसली की तिला अर्थ मिळत नाही आणि काटा हलत नाही, त्यासाठी एक वेगळी वायर बॉडीला जोडा.

झाकणाचं श्वासाचं भोक फुंकून बघा. ते बंद असलं की गाडी आठ-दहा किलोमीटर छान चालते, मग टाकीत निर्वात होऊन मरते, थोडा वेळ थांबली की पुन्हा सुरू होते. मी या नादात दोन पंप बदलले.

बसवायच्या दिवशी दुसरा माणूस बोलवा, आणि पट्टे एकदम न आवळता दोन्हीकडून थोडे थोडे आवळा. पहिल्यांदा फक्त ५ लिटर घाला, खाली कोरा पुठ्ठा पसरा आणि रात्र जाऊ द्या. सकाळी पुठ्ठा कोरा असेल तर ५-५ लिटर वाढवत काटा कुठे येतो ते वहीत लिहा. भरलेल्या टाकीत बेचाळीस किलोच्या आसपास पेट्रोल असतं, तेव्हा पट्टे पुन्हा एकदा तपासा. सीट त्यानंतर.