‘कोटी म्हणजे शंभर लाख’ : पारिभाषिक शब्द शिकवताना या चुका टाळा

नववीचा बीजगणिताचा तास. एक्सचा सर्वांत मोठा घातांक 3 असलेली बहुपदी फळ्यावर लिहिली आणि विचारलं, हिची कोटी किती? मागच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, ‘तीन’. बरोबर होतं. पुढे जाणारच होतो, पण सहज विचारलं, ‘कोटी म्हणजे काय रे?’

‘शंभर लाख, सर.’

बहुपदीची कोटी म्हणजे तिच्यातला सर्वांत मोठा घातांक. पण वर्गात कुणी हसलं नाही, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यात शंभर लाखच होते. परीक्षेत मात्र त्या पोराला पूर्ण गुण मिळाले असते. खानदेशात मराठी शाळेत शिकवताना शब्दांच्या बाबतीत माझ्या हातून ज्या चुका झाल्या, त्यातली ही पहिली.

अवघड दिसणाऱ्या शब्दांच्याच मागे लागणं

‘परासरण’, ‘बाष्पोच्छ्वास’ दिसले की आपण थांबतो आणि फोड करून सांगतो. पोरंही सावध असतात. घात करतात ते ओळखीचे शब्द. तिथे पोरगं मान हलवतं आणि आपण पुढे सरकतो.

‘कार्य’ घ्या. घरी ते लग्नकार्य असतं. विज्ञानात मात्र केळीचा घड खांद्यावर घेऊन ट्रकची वाट बघत उभ्या असलेल्या मजुराचं कार्य शून्य भरतं, कारण घड हललेलाच नाही. रावेर-यावलच्या पोरांना हे सांगून बघा, ती भांडायला उठतात. उठू द्यावीत. त्या भांडणात शब्दाचे दोन अर्थ आपोआप वेगळे होतात.

‘प्रमाण’ तर दिवसभर रंग बदलतं. पहिल्या तासाला गुणोत्तर व प्रमाण, दुसऱ्याला हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे 21 टक्के, तिसऱ्याला 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्तावरची भारतीय प्रमाणवेळ आणि जेवणाच्या सुट्टीनंतर प्रमाणभाषा. शिकवणारे चौघं, एकाला दुसऱ्याचं माहीत नाही. आम्ही शेवटी शिक्षकखोलीत कपाटाच्या दारावर एक कोरा कागद चिकटवला. असा दुतोंडी शब्द ज्याच्या तासाला आला, त्यानं तो तिथे लिहायचा.

‘विस्थापन’ मी विसरणार नाही. वर्तुळाकार धावपट्टीवर एक फेरी पूर्ण केली की अंतर भरपूर, विस्थापन शून्य, असं मी सांगत होतो. नंदुरबारकडच्या एका पुनर्वसन गावातली मुलगी वर्गात होती. सरदार सरोवरामुळे अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतली 33 गावं बाधित झाली, त्यातल्या एका गावाचं हे कुटुंब. ती म्हणाली, ‘सर, आमचं विस्थापन झालंय. ते शून्य कसं?’ फळ्यावर दोन टिंबं काढली, सुरुवातीची जागा आणि शेवटची जागा. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘म्हणजे परत तिथेच गेलो असतो तर शून्य.’ माझ्या व्याख्येपेक्षा हे चोख होतं.

पोकळ वाक्यात शब्द घालणं

‘शब्द संदर्भासह शिकवा’ हे प्रशिक्षणात ऐकून आल्यावर आपण वाक्य देतो, ‘परासरण ही वनस्पतींसाठी महत्त्वाची क्रिया आहे.’ आता ‘परासरण’वर बोट ठेवून झाका. तिथे श्वसन चालतं, प्रकाशसंश्लेषणही चालतं. म्हणजे त्या वाक्यानं काहीच शिकवलं नाही.

त्यापेक्षा लोणच्याची बरणी बरी. कैरीच्या फोडींना मीठ चोळून रात्रभर ठेवलं की सकाळी तळाशी पाणी दिसतं. आई म्हणते, खार सुटला. वरून कुणी पाणी ओतलेलं नाही. फोडीतल्या पेशींमधलं पाणी पेशीभोवतीच्या पातळ पटलातून मिठाच्या बाजूला आलं, तेच परासरण. आता बोट ठेवून झाका, दुसरा शब्द तिथे बसत नाही.

एवढ्यावर थांबू नका, जे परासरण नाही तेही दाखवा. गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांतलंही, म्हणजे ज्वारीच्या पापडांतलंही, पाणी जातं. मग ते परासरण का नाही? इथे दहा मिनिटं गेली तरी चालतील. पटल नाही, पाणी वाफ होऊन हवेत गेलं, हे पोरं स्वतःच शोधतात. आणि त्या दोन शब्दांची पुन्हा गल्लत होत नाही.

‘नीट बोल’ म्हणणं

डबक्यावर दिवसभर ऊन पडलं तर काय होईल, असं विचारल्यावर एकजण म्हणतो, ‘पानी आटी गयं.’ अमळनेर-धुळ्याकडे अहिराणी घरोघरी आहे. आपण म्हणतो, ‘नीट बोल.’ पोरगं खाली बसतं आणि नंतर महिनाभर बोलत नाही. वास्तविक त्याचं उत्तर बरोबर होतं. शिवाय पाणी ‘आटलं’ आणि ‘मुरलं’ हा फरक शेतकऱ्याच्या घरात पुस्तकाआधीच पक्का असतो. आटलं म्हणजे बाष्पीभवन, मुरलं म्हणजे जमिनीत झिरपलं. पाठ्यपुस्तकातला शब्द त्याच्या शब्दाशेजारी लिहा, त्याचा शब्द पुसून नको.

पावरी किंवा भिलोरी बोलणाऱ्या मुलांना मराठीच दुसरी भाषा. त्यांचा शब्द मला येत नाही, म्हणून विचारतो आणि फळ्याच्या कडेला लिहून ठेवतो. त्या दिवशी शिक्षक ते असतात.

सेमी इंग्रजीच्या वर्गात पुस्तकात ‘ऑस्मोसिस’ आणि समजावताना मराठी, एवढाच फरक. वरचं सगळं तिथेही लागू.

प्रश्नातले शब्द गृहीत धरणं

‘फरक स्पष्ट करा’, ‘शास्त्रीय कारणे लिहा’, ‘टीप लिहा’. हे शब्द आपण कधी शिकवतच नाही, आणि मग उत्तरपत्रिका तपासताना कपाळावर हात मारतो. ‘कारणे लिहा’ला पोरगं व्याख्या लिहितं. एकाच धड्यावर, समजा तापी नदीवर, तीन वेगवेगळ्या सूचनांचे प्रश्न द्या आणि उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून वाचायला लावा. माहिती तीच असते, लिहिणं बदलतं.

एकदा शिकवलं की झालं, असं मानणं

जूनमधला शब्द दिवाळीनंतर पोरांना परका असतो. शब्द पाच वेळा लिहून आणायला लावू नका, त्यानं फक्त अक्षर सुधारतं, तेही क्वचित. आठवड्यानं दुसऱ्याच धड्यात तो शब्द मुद्दाम वापरा आणि थांबून विचारा. चाचणीतही ‘अर्थ लिहा’ऐवजी ‘यातलं परासरण कुठलं?’ विचारा. बरणी, बिबडे आणि पाण्यात भिजवून फुगलेले बेदाणे, एवढे तीन पर्याय पुरतात. बेदाण्यात पाणी आत जातं, बरणीत बाहेर येतं, म्हणून अर्धा वर्ग एकच पर्याय निवडतो. त्यांना दोन्ही का बरोबर, हे एकमेकांना पटवायला सांगून मी खिडकीपाशी जाऊन उभा राहतो.