बॅरेंट्स समुद्रातल्या प्राण्यांची सूची करताना या चुका टाळा

नॉर्वे-रशियाच्या उत्तरेला असलेल्या या समुद्राच्या कडेला स्वालबार्ड बेटं आहेत. त्यांच्या किनाऱ्यावर निळ्या शिंपल्याची टरफलं दिसली, म्हणून तो तिथे राहतो असं लिहू नका. तिथल्या जुन्या थरांत ही टरफलं आहेतच, पण जिवंत शिंपला सुमारे हजार वर्षांच्या खंडानंतर २००४ साली पुन्हा मिळाला. जिवंत प्राणी की रिकामं टरफल, याचा वेगळा रकाना ठेवा.

सगळ्यात मोठा घोळ कॅलॅनसचा. जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा हा कवचधारी जीव. त्याच्या दोन जाती: फिनमार्किकस अटलांटिकच्या पाण्यातला आणि लहान, ग्लेशियालिस आर्क्टिकचा आणि मोठा, असं धरून वर्षानुवर्षं नुसती लांबी मोजून नावं दिली गेली. डीएनए तपासल्यावर कळलं, की दोघांच्या मापांची सरमिसळ होते. समुद्र तापतोय, अटलांटिकचे जीव उत्तरेला सरकतायत का, हे पाहायचं तर नेमका हाच फरक लागतो. म्हणून जुन्या वहीत लांबीवरून दिलेलं नाव असेल तर ते खोडू नका. शेजारी ‘लांबीवरून’ एवढं लिहा आणि नव्या यादीत फक्त ‘कॅलॅनस’ म्हणा. अर्धवट नाव चालतं, चुकीचं नाव मात्र पुढच्या दहा याद्यांत उतरत जातं.

लिमासिना या पाण्यात तरंगणाऱ्या गोगलगायीचा पातळ शंख बरणीत धुरकट होऊन विरत असेल, तर फॉर्मॅलिन, म्हणजे नमुने टिकवायचं द्रावण, आम्लधर्मी झालंय. त्यात आधीच आम्लता मारणारं बोरॅक्स घालायला हवं होतं. डीएनएसाठीचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडवायचाच नाही, तो वेगळ्या अल्कोहोलमध्ये. समुद्रफूल (फुलासारखा दिसणारा मऊ प्राणी, सी अ‍ॅनिमोन) आक्रसून गोळा झालं, तर त्याला आधी मॅग्नेशियम क्लोराइडची गुंगी दिली नव्हती.

चिठ्ठी बरणीच्या आत, शिसपेन्सिलने लिहिलेली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, आणि मग हातात उरतो कुठला, कधीचा ते न कळणारा प्राणी. ठिकाण संगणकात चढवतानाही जपा: ७३ अंश ३० मिनिटं अक्षांश म्हणजे ७३.५. तिथे ७३.३० लिहिलंत, की नमुना २२ किलोमीटर दक्षिणेला गेला!

जाळं रिकामं आलं तर रकाना कोरा सोडू नका, शून्य लिहा आणि जाळ्याच्या भोकाचं मापही नोंदवा. हिमखेकडा बॅरेंट्स समुद्रात १९९६ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तो तिथे नवा आहे असं म्हणायला आधार आहे तो त्याआधीच्या, तो न मिळालेल्या खेपांचाच.