गोल्डफिश काढले तेव्हा कुठे न्यूटची पिल्लं दिसली

इंग्लंडात घर घेतलं त्यात मागच्या बागेत छोटं तळं होतं, एप्रिलात रात्री टॉर्च मारला की पाच-सहा स्मूथ न्यूट दिसायचे, म्हणजे पाण्यातले सॅलामँडर, दिसायला पालीसारखे पण नातं बेडकाशी. पण दोन वर्षं पिल्लू एक नाही! मग ट्यूब पेटली, मीच हौसेने गोल्डफिश सोडले होते ना, तेच अंडी-पिल्लं फस्त करत होते. मासे शेजाऱ्यांच्या टाकीत दिले आणि काठाला वॉटर फरगेट-मी-नॉट ही पाणवनस्पती लावली, कारण मादी एकेक अंडं पानात दुमडून ठेवते, पानं नसतील तर ती बिचारी काय करणार. पाणी कमी झालं तर नळाचं न घालता पावसाचं साठवलेलं घालते, नाहीतर शेवाळ माजतं.

जूनमध्ये पिल्लं दिसली, डोक्यामागे पिसांसारखे कल्ले, आणि बेडकाच्या उलट यांचे पुढचे पाय आधी फुटतात, मी तर बघतच बसले. उन्हाळ्यात मोठे गायब झाले तर घाबरू नका, ते जमिनीवर ओंडक्याखाली राहतात. फक्त क्रेस्टेड न्यूट, म्हणजे न्यूटचीच एक मोठी जात, दिसला तर हात लावू नका, तिकडच्या 1981 च्या वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे तो.