खुल्या आवाहनाला अर्ज कसा करावा: कलाकारांसाठी स्पर्धा, रेसिडेन्सी आणि लोकसहभागाचे उपक्रम

१९८१ साली वॉशिंग्टनमध्ये व्हिएतनाम युद्धातल्या सैनिकांच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा झाली. १,४२१ प्रवेशिका आल्या. त्या मांडायला विमानांचं हँगर लागलं. प्रवेशिकेवर फक्त क्रमांक, नाव कुठेच नाही. परीक्षकांनी १०२६ क्रमांक निवडला आणि नाव पाहिलं, तेव्हा ती माया लिन नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थिनीची निघाली. तिची रेखाटनं डोळे दिपवणारी नव्हती. मऊ पेस्टलमध्ये केलेली साधी चित्रं, आणि सोबत तिने लिहिलेला मजकूर: माणूस त्या जागेत कसा उतरेल, भिंतीवरची नावं त्याच्यासमोर कशी येत जातील.

गुणवत्तेला वशिला लागत नाही, याचा दाखला म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला तिच्यातली आवाहनाची, म्हणजे प्रवेशिका मागवणाऱ्या जाहिरातीची, बाजू जास्त कामाची वाटते. त्या आवाहनात अटी मोजक्या होत्या. स्मारक शांतपणे विचार करायला लावणारं हवं, परिसराशी जुळणारं हवं, मृत आणि बेपत्ता सर्वांची नावं त्यावर हवीत, आणि युद्धाबद्दल राजकीय भूमिका नको. जमिनीत उतरणारी काळी भिंत आणि त्यावर नुसती नावं, यात प्रत्येक अटीचं उत्तर होतं. निवड समिती बहुतेक वेळा सर्वांत चांगला कलाकार शोधत बसत नाही. आपण मागितलं ते समोर आहे का, हे पाहते. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती फिरतात.

आवाहनाची जात ओळखा

वरवर सगळी आवाहनं सारखीच दिसतात. वर पोस्टर, मध्ये रक्कम, खाली मुदत. पण आतले व्यवहार निरनिराळे असतात.

स्पर्धेत तयार काम पाहिलं जातं. खुल्या प्रदर्शनातही तेच, पण तिथे बक्षिसापेक्षा भिंतीवर जागा मिळणं महत्त्वाचं. लंडनच्या रॉयल अकॅडमीचं उन्हाळी प्रदर्शन १७६९ पासून एकही वर्ष न चुकता भरतं, आणि त्यात नवखे व नावाजलेले एकाच दालनात लागतात. रेसिडेन्सीचा मामला वेगळा. तिथे राहायला जागा, कामाला स्टुडिओ आणि मोकळा वेळ देतात. अमेरिकेतली मॅकडॉवेल १९०७ पासून हेच करत आली आहे. त्यामुळे अर्जात केलेल्या कामाइतकंच पुढे काय करायचं आहे तेही लागतं. सार्वजनिक ठिकाणच्या शिल्प-चित्रांची कामं म्हणजे जवळजवळ कंत्राट: अंदाजपत्रक, वेळापत्रक, टिकाऊपणा, देखभाल. आणि लोकसहभागाच्या उपक्रमात तुमची कला अर्धीच मोजली जाते, उरलेली अर्धी म्हणजे तुम्ही माणसांबरोबर काम कसं करता. त्याबद्दल पुढे सविस्तर.

कोणत्या जातीचं आवाहन आहे ते कळलं की अर्ज निम्मा झाला. स्पर्धेसाठी लिहिलेला मजकूर रेसिडेन्सीला चिकटवणारे खूप असतात, आणि ते वाचणाऱ्याला दुसऱ्या ओळीतच कळतं.

शोधायचं कुठे

रेसिडेन्सीसाठी रेस आर्टिस आणि ट्रान्सआर्टिस्ट्स यांच्या याद्या जगभर वापरल्या जातात. बाकीसाठी जिथे कलेला जागा असते त्या संस्थांकडे थेट पाहा: संग्रहालयं, विद्यापीठं, ग्रंथालयं, रुग्णालयं, पालिकांचे सांस्कृतिक विभाग. रुग्णालयं आणि ग्रंथालयं अनेकांच्या लक्षातच येत नाहीत, म्हणून तिथे गर्दीही कमी.

बरीचशी आवाहनं दरवर्षी साधारण त्याच सुमारास निघतात. मुदत हुकलेलं आवाहन सोडून देऊ नका. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरमध्ये दोन महिने आधीची खूण करून ठेवा. दोन-तीन वर्षांत तुमची स्वतःची अशी यादी तयार होते, आणि ती कुठल्याही तयार यादीपेक्षा भरवशाची असते.

अटी दोनदा वाचा, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन

पहिल्या वाचनात मन बक्षिसाकडे असतं. दुसऱ्या वाचनात खुणा करा: वय, राहण्याचं ठिकाण, माध्यम, आकार, काम कोणत्या वर्षानंतरचं हवं, आधी दाखवलेलं चालेल का, निवड झाल्यावर वाहतूक आणि विमा कोणाच्या खर्चाने.

अटीतला एकेक शब्द केवढा जड असू शकतो ते ऑस्ट्रेलियातल्या आर्चिबाल्ड पुरस्काराने दाखवलं. हा पुरस्कार व्यक्तिचित्रासाठी आहे. १९४३ चा पुरस्कार विल्यम डोबेल यांना मिळाला, तेव्हा 'हे व्यक्तिचित्र नाही, व्यंगचित्र आहे' म्हणत प्रतिस्पर्धी चित्रकार न्यायालयात गेले. निकाल डोबेल यांच्या बाजूने लागला, पण या प्रकरणाने त्यांना भारी मनस्ताप झाला.

माझी चूक त्यामानाने साधी होती. 'कमाल रुंदी १०० सेंटिमीटर' असं लिहिलं होतं, माझं चित्र ९८. अटीत 'फ्रेमसह' हा शब्द होता, तो मी वाचलाच नव्हता. निवड झालेलं चित्र दारातून परत आलं.

आता पैसे आणि हक्क. प्रवेश शुल्क असलं म्हणजे फसवणूक असं नाही. जुन्या, चांगल्या प्रदर्शनांनाही ते असतं. पण शुल्क आहे आणि परीक्षकांची नावं नाहीत, मागच्या वर्षीचे विजेते कुठे दिसत नाहीत, संस्थेचा पत्ता नाही, तर पुढे वाचूच नका. प्रत्येक अर्जदाराला 'तुमची निवड झाली' असं कळवून वर भिंतीच्या जागेचं भाडं मागणारे आयोजकही असतात. ते जागा विकतात, त्यांना स्पर्धेचे आयोजक म्हणणं चूक.

हक्कांचं कलम सगळ्यांत शेवटी, बारीक अक्षरात असतं. विजेत्या कामाचं छायाचित्र प्रसिद्धीसाठी वापरू, इतपत ठीक. पण 'आलेल्या सर्व प्रवेशिका कायमस्वरूपी, कोणत्याही कारणासाठी, मोबदला न देता वापरण्याचा हक्क' असं असेल, तर ती स्पर्धेच्या नावाखाली फुकट चित्रं गोळा करण्याची सोय आहे. बर्न कराराच्या सदस्य देशांमध्ये, म्हणजे जवळजवळ सगळ्या जगात, काम घडताच कॉपीराइट कलाकाराचा होतो, नोंदणी लागत नाही. तो हक्क एका टिचकीत देऊन टाकू नका.

फोटो

अनुभवी कलाकारसुद्धा इथेच सर्वांत जास्त हात आखडता घेतात. पहिल्या फेरीत परीक्षक चित्र पाहत नाहीत, चित्राचा फोटो पाहतात, तोही पडद्यावर, काही सेकंद. म्हणून फोटोला अर्धा दिवस द्या.

चित्र भिंतीला अगदी सरळ टेकवा. कॅमेऱ्याची भिंग चित्राच्या बरोबर मध्याच्या उंचीवर, कॅमेरा चित्राला समांतर, नाहीतर चौकोनाचा पतंग होतो. फार जवळून काढू नका. थोडं मागे जाऊन झूम केलं तर कडा वाकत नाहीत. फ्लॅश बंद. ढगाळ दिवसाचा उजेड उत्तम. घरात दिवे वापरायचे तर एकसारखे दोन, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत. एक दिवा पिवळा आणि एक पांढरा असं कधीच नको, नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने ते नीट होत नाही. तैलचित्रावर चकाकी येत असेल तर दिवे आणखी बाजूला सरकवा. काचेमागचं चित्र शक्यतो काचेबाहेर काढूनच फोटो काढा.

नंतर कडेपर्यंत कापा; मागची भिंत, खुर्चीचा पाय, तुमची सावली काही राहता कामा नये. रंग मूळ चित्र शेजारी ठेवून पडद्यावर जुळवा, आणि चित्र जास्त खुलवण्याचा मोह टाळा. प्रत्यक्ष काम फोटोपेक्षा फिकं निघालं तर दुसऱ्या फेरीत बाद होतं. शिल्प असेल तर साधी राखाडी पार्श्वभूमी, दोन-तीन बाजू, आणि आकाराचा अंदाज येईल असा एक फोटो. मोठी मूळ फाइल जपून ठेवा आणि प्रत्येक आवाहनाने मागितलेल्या पिक्सेलमध्ये वेगळी प्रत काढा. फाइलला 'फायनल-नवीन-२' असं नाव देऊ नका. आडनाव, शीर्षक, वर्ष पुरे. पण प्रवेशिका नाव झाकून तपासणार असतील तर फाइलच्या नावातूनही आडनाव काढा, आणि चित्रावरची सहीही दिसत नाही ना ते पाहा.

मजकूर

तीन गोष्टी एकदाच नीट लिहून ठेवा: पन्नास शब्दांचा परिचय, दीडशे शब्दांचा परिचय, आणि कामाबद्दलचं मनोगत. प्रत्येक वेळी त्यातून कापून घ्यायचं, नव्याने सुरुवात नाही करायची.

मनोगतात 'मानवी भावनांचा आणि निसर्गाचा शोध' असं लिहिलंत तर ते कुणाच्याही चित्राला लागू पडतं. त्याऐवजी काय करता ते सांगा. 'मी जुन्या पत्रांवर शाईने झाडांची मुळं काढते. अक्षरं आणि मुळं एकमेकांत मिसळतील इतकी शाई पातळ करते' या दोन वाक्यांत माध्यम, पद्धत आणि विचार तिन्ही आले. मोठ्याने वाचून पाहा. बोलताना तुम्ही जो शब्द कधीच वापरणार नाही तो खोडा.

लोकसहभागाचे उपक्रम

माझा कल इकडे आहे, हे आधीच सांगतो. स्पर्धेत शंभरातल्या नव्वद जणांच्या हाती काही लागत नाही. वस्ती, शाळा, वृद्धाश्रम, तुरुंग अशा ठिकाणच्या उपक्रमांत अर्ज कमी असतात, मानधन बहुधा आधीच ठरलेलं असतं, आणि एक चांगला उपक्रम पुढच्या दोन उपक्रमांसाठी शिफारस घेऊन येतो.

पण इथे नुसतं चित्र उत्तम असून भागत नाही. फिलाडेल्फियातला 'म्युरल आर्ट्स' हा कार्यक्रम १९८४ मध्ये शहरातली ग्राफिटी रोखण्याच्या मोहिमेतून जन्माला आला. जेन गोल्डन या चित्रकर्तीने भिंती रंगवणाऱ्या मुलांनाच हाताशी घेतलं. आज तिथे हजारो भित्तिचित्रं आहेत. त्यांची एक युक्ती उचलण्यासारखी आहे. चित्र थेट भिंतीवर न काढता एका पातळ, न विणलेल्या कापडाच्या तुकड्यांवर आखतात. त्याला ते पॅराशूट क्लॉथ म्हणतात. प्रत्येक भागात रंगाचा क्रमांक लिहितात. मग ज्याने कधी ब्रश धरला नाही तोही टेबलाशी बसून आपला चौकोन भरतो. शेवटी सगळे तुकडे भिंतीवर कागदासारखे चिकटवतात. परांचीवर चढता न येणारे, उन्हात उभे राहू न शकणारे, कोठडीबाहेर पडू न शकणारे, सगळे त्या भिंतीत असतात.

अर्जात असंच ठोस लिहा. किती सत्रं, प्रत्येक सत्र किती वेळाचं, एका वेळी किती माणसं, त्यांच्या हातात नेमकं काय येणार. विषय कोण ठरवणार, तुम्ही की ते? लोकांना न आवडलेला आराखडा बदलायला तुम्ही किती तयार आहात? मुलांबरोबर काम असेल तर सोबत जबाबदार मोठी व्यक्ती कोण, आणि फोटो काढायची परवानगी कशी घेणार? पहिल्या दिवशी वीसऐवजी पाचच जण आले तर काय कराल, हा प्रश्न मुलाखतीत हमखास येतो. 'वाट पाहीन' हे उत्तर नाही. जिथे माणसं आधीच जमतात तिथे, त्यांच्या वेळेला टेबल मांडायचं, हे उत्तर आहे.

अंदाजपत्रकात स्वतःचं मानधन साहित्याच्या आधी लिहा. उलट केलंत तर रंग, सुरक्षा आणि वाहतुकीत सगळं संपतं, आणि तुमच्या तीन महिन्यांचं मोल 'उरलेली रक्कम' होऊन बसतं. तयारीचे दिवस, बैठका, साफसफाई हेही कामाचेच तास.

भित्तिचित्र असेल तर भिंतीच्या मालकाशी लेखी करार हवाच: चित्र किती वर्षं राहील, दुरुस्ती कोण करेल, पुसायचं झालं तर किती दिवस आधी कळवणार. न्यूयॉर्कमधल्या फाइव्हपॉइंट्झ या जागेवरची चित्रं मालकाने २०१३ मध्ये एका रात्रीत पांढऱ्या रंगाखाली घातली. २०१८ मध्ये न्यायालयाने २१ कलाकारांना मिळून ६७.५ लाख डॉलर द्यायला लावले. पण ते अमेरिकेतल्या एका विशिष्ट कायद्यामुळे शक्य झालं. सगळीकडे तसं संरक्षण मिळेलच असं नाही. करार मात्र कुठेही करता येतो.

पाठवणं आणि त्यानंतर

मुदतीच्या दोन दिवस आधी पाठवा. शेवटच्या तासात सगळेच फाइली चढवतात आणि यंत्रणा अडकते. पोच आली की ती जपून ठेवा. एका साध्या तक्त्यात नोंद करा: कुठे, कोणती कामं, शुल्क किती, निकाल कधी. हा तक्ता नसला की तेच चित्र दोन ठिकाणी एकाच महिन्यात लागायची वेळ येते, आणि कुणाला तरी नाही म्हणावं लागतं.

नकार आला तर अभिप्राय मिळेल का, एवढं एका ओळीत विचारा. वाद घालू नका. १८६३ मध्ये पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने हजारो चित्रं नाकारली. आरडाओरडा इतका झाला की सम्राटाने नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवलं आणि एदुआर माने या चित्रकाराचं चित्र त्यात लागलं. हसायलाच लोक जास्त आले होते म्हणा. तुमच्यासाठी सम्राट येणार नाही, पण तेच काम दुसऱ्या आवाहनात बसू शकतं. बदलून पाहायचं ते आधी फोटो आणि मजकूर, चित्र शेवटी.

निवड झाली तर काम पाठवताना मागच्या बाजूला पक्कं लेबल लावा: नाव, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष, आणि वरची बाजू दाखवणारा ठळक बाण. अमूर्त काम असेल तर बाण दोन ठिकाणी. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातिस या फ्रेंच चित्रकाराचं 'ल बातो' हे काम ४७ दिवस उलटं टांगलेलं होतं, आणि ते लक्षात आलं प्रदर्शन पाहायला आलेल्या एका बाईंच्या.