रानअंजीर टांगून अंजिराचं फळ कसं टिकवावं

स्मिर्ना गटातल्या अंजिराला फळं धरतात, थोडी वाढतात आणि गळून पडतात. खत-पाणी वाढवून फरक पडत नाही; त्याला रानअंजिराचा पराग हवा असतो. ब्राउन टर्कीसारख्या जाती परागाविनाच पिकतात, तिथे ही खटपट करूच नये. कॅलिफोर्नियात १८८० च्या दशकात नेलेल्या स्मिर्ना झाडांना नीट फळ मिळालं ते १८९९ मध्ये रानअंजिराची माशी आणल्यावर.

रानअंजीर हे अंजिराच्याच प्रजातीचं (फिकस कॅरिका) नराचं काम करणारं झाड. त्याच्या फळात ब्लास्टोफागा सेनेस ही दोनेक मिलिमीटरची माशी वाढते. पंख नसलेला नर आतच मरतो. मादी फळाच्या तोंडाशी असलेल्या नरफुलांचा पराग अंगावर घेऊन बाहेर पडते आणि जेमतेम एक-दोन दिवस जगते. सगळं वेळापत्रक यावरच बसवायचं.

रानअंजिराला वर्षात तीन बहर येतात. भूमध्य हवामानात कामाचा बहर जूनच्या सुमारास पिकतो. फळं किंचित मऊ झाली की सकाळी लवकर तोडा. ऊन चढलं की माश्या निघून जातात. आधी एक फोडून पाहा. मोकळा पराग आणि हलत्या माश्या दिसल्या, तर वेळ बरोबर. आत तपकिरी डाग असेल, तर फ्युझेरियम बुरशीची शक्यता. माशी ती स्मिर्नाच्या फळात नेते. अशी फळं वापरू नका.

स्मिर्नाची फळं दीडेक सेंटिमीटरची झाली की रानअंजिराची फळं दोऱ्यात ओवून किंवा विरळ जाळीच्या पिशवीत घालून फांदीवर सावलीत टांगा. स्मिर्नाची सगळी फळं एकदम तयार होत नाहीत, म्हणून दर तीन-चार दिवसांनी नवी टांगायची, दोन-तीन आठवडे. मोजकीच टांगा: माश्या जास्त झाल्या की फळात बी फार भरतं, फळ तडकतं आणि सडतं.

वारा येतो त्या बाजूला रानअंजिराचं झाड ठेवावं, असं पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने लिहिलं. टांगण्याचे कष्ट वाचतात खरे, पण प्रमाण हातात राहत नाही. झाड बागेपासून लांबच बरं.

प्राचीन रोममध्ये ७ जुलैला स्त्रिया रानअंजिराखाली जुनो देवीला बळी देत आणि झाडाचा चीक वाहत. हा चीक कातडीवर लागून ऊन बसलं तर फोड येतात. तोडणीला हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घाला.