कड्यावरच्या गोल्फ क्लबला निघालात? या चुका टाळा

दर वर्षी एप्रिल उजाडला की आमच्या चेंबूरच्या क्लबात कुणीतरी चहाचा कप घेऊन माझ्या टेबलाशी येतं. मुलगी नाहीतर मुलगा कॅलिफोर्नियात, सुट्टीत जाणं ठरलेलं, आणि "जातोच आहोत तर पेबल बीचच्या समुद्रकाठच्या कोर्सवर एक राउंड मारून येऊ" हा बेत. ज्यांची मुलं डब्लिनकडे असतात ते आयर्लंडच्या ओल्ड हेड या कड्यावरच्या कोर्सचं नाव काढतात. मी सगळं सांगते, ते मान डोलावतात, आणि परत आल्यावर जे किस्से रंगवतात त्यात मी नको म्हटलेली प्रत्येक गोष्ट असते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे यार्डांतलं अंतर वाचून क्लब, म्हणजे मारायची काठी, काढणं. पेबल बीचचं सातवं होल जेमतेम 106 यार्डांचं आहे. टी, म्हणजे पहिला फटका मारायची जागा, वर; ग्रीन, म्हणजे होलभोवतीची हिरवळ, खाली; आणि ग्रीनच्या मागे नुसता समुद्र. आमचे धाकटे दीर चेंबूरला एवढ्या अंतराला डोळे मिटून सँड वेज, म्हणजे जवळच्या फटक्यांचा क्लब, काढतात. त्या दिवशी वारा समोरून असा येत होता की माझी टोपी दोनदा उडाली. कॅडी, म्हणजे बॅग वाहणारा मदतनीस, म्हातारा, मितभाषी. त्याने बॅगेतून सहा नंबरचं आयर्न, म्हणजे बरंच लांब मारायचा क्लब, अर्धवट वर काढून धरलं. भाऊजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाल्याने मेथीचा दुप्पट भाव सांगावा. "वहिनी, शंभर यार्डला सहा नंबर? लोक हसतील!" हसायला आम्ही दोघं आणि एक सीगल, इतकेच तिथे होतो.

पहिला चेंडू सुंदर उडाला, आभाळात थांबला आणि समोरच्या खडकांत पडला. मग भाऊजींनी आपल्याकडचे सगळे करतात तेच केलं: तोच क्लब, दुप्पट जोर. तो आणखी वर गेला आणि आणखी अलीकडे पडला. जोरात मारलं की चेंडूला उलटी फिरकी जास्त बसते, तो वर चढतो, आणि वर वारा वाटच बघत असतो. चौथ्या चेंडूनंतर कॅडीने तेच आयर्न पुन्हा पुढे केलं. या वेळी ते मुकाट्याने घेतलं गेलं.

भाऊजींना मी नंतर जेवताना एक गोष्ट सांगितली. 1992 च्या यूएस ओपनला, शेवटच्या दिवशी, याच होलवर अमेरिकी गोल्फर टॉम काइटने सहा नंबरचंच आयर्न मारलं होतं. तरी ग्रीन चुकलंच. मग त्याने बाहेरून चिप करून, म्हणजे छोट्या उचलत्या फटक्याने, चेंडू थेट होलमध्ये घातला आणि स्पर्धाही जिंकली. आता भाऊजी ही गोष्ट स्वतःचा शोध असल्यासारखी इतरांना सांगतात.

माझी सवय सांगते. वारा समोरून असला की मी नेहमीपेक्षा दोन नंबर लांबचा क्लब घेते, मूठ दोन बोटं खाली धरते, चेंडू उजव्या पायाकडे ठेवते आणि हात खांद्याच्या वर जाऊ देत नाही. पुस्तकात काय लिहिलंय ते माहीत नाही, माझं भागतं. आणि वारा टीवर बघून उपयोग नाही. कड्यावर आदळलेला वारा वर उसळतो, त्यामुळे तुम्ही उभे आहात तिथे झुळूक आणि चेंडू जिथून जाणार तिथे घोंगावणं, असं सर्रास होतं. ग्रीनवरचा झेंडा बघा, लाटांची पांढरी टोकं बघा. गवत उडवून बघणारे बघोत बापडे, ते पायाजवळचाच वारा सांगतं.

जाता जाता: "समुद्राची दमट हवा जड असते म्हणून चेंडू कमी जातो" हे आमच्या क्लबातलं ब्रह्मवाक्य चुकीचं आहे. दमट हवा कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते. चेंडू कमी जातो तो थंडीमुळे.

थंडीवरून आठवलं, कपडे. कॅलिफोर्निया, जुलै महिना, म्हणजे ऊन, असा हिशोब करून लोक सुती टी-शर्ट घालून जातात आणि दुकानातून महागडं जॅकेट विकत घेतात. तिथला समुद्र उन्हाळ्यातही गार असतो, त्यावरून येणारी हवा धुकं घेऊन येते, आणि दुपारपर्यंत सूर्य दिसेलच याची खात्री नाही. जमलं तर सप्टेंबर-ऑक्टोबरात जा. मुलांच्या सुट्ट्या आडव्या येतात म्हणाल, तर मग स्वेटर घ्या. छत्री घरी ठेवा, तिचा पतंग होतो. जीन्सही नको.

आता ती चूक, जिच्यामुळे मला अजून रात्री दचकायला होतं. कड्यापाशी गेलेला चेंडू शोधायला जाणं. क्लबाचं नाव सांगत नाही, कारण चूक त्यांची नव्हती, पाटी लावलेली होती. एकत्र खेळणाऱ्या आमच्या चौकडीतल्या एका गृहस्थांचा चेंडू कड्याच्या कडेला, गवताच्या झुपक्यात, दिसेल असा पडला होता. दिसत होता हाच घात. पाटी ओलांडून ते गेले, गुडघ्यावर बसले, आणि चेंडू काढायची लांब दांडी पुढे करून वाकले. मी मागून पाहिलं तर ज्या गवतावर त्यांचा गुडघा होता त्याच्या खाली काहीच नव्हतं. माती लाटांनी आणि पावसाने खालून खाल्लेली, वर फक्त हिरवळीची साय. माझ्या तोंडून आवाज फुटेना. मी त्यांचा पट्टा धरला आणि मागे ओढलं, आम्ही दोघं पार्श्वभागावर आपटलो. गृहस्थ काय म्हणाले? "अहो, नवा होता."

रायगडावर टकमक टोकाला तरी कठडा आहे. गोल्फच्या कड्यांना बहुतेक ठिकाणी तोही नसतो. ओल्ड हेडचे कडे तर 300 फुटांच्या आसपास आहेत. आणि आपण मुंबईकरांनी हे कुणाकडून शिकायला नको. 2016 साली बँडस्टँडला सेल्फीच्या नादात जीव गेल्यावर पोलिसांना सेल्फीबंदीच्या जागा जाहीर कराव्या लागल्या होत्या. फोटो काढताना पाठ समुद्राकडे करून मागे मागे सरकणारा माणूस दिसला की मी ओरडते, ओळखीचा असो वा नसो.

नियम तर तुमच्याच बाजूने आहे. धोक्याच्या जागेभोवतीच्या लाल खुंट्या दिसल्या की एक स्ट्रोक दंड घ्या, चेंडू जिथून आत गेला तिथून दोन क्लब लांबीच्या आत, होलच्या जवळ न जाता, गुडघ्याच्या उंचीवरून नवा टाका, चालू लागा. शोधायला 2019 पासून तीनच मिनिटं मिळतात. मी अशा होल्सना खिशात दोन जुने, ओरखडलेले चेंडू ठेवते. गेले तर गेले.

पण मुद्दाम समुद्रात मारू नका. रील काढायला नवशिके हमखास हे करतात आणि माझं डोकं फिरतं. पेबल बीचच्या आसपासच्या समुद्रातून एका शाळकरी मुलीने घरच्यांच्या मदतीने पन्नास हजारांवर चेंडू वर काढले होते. त्यावर 2019 मध्ये शोधनिबंधही निघाला. त्यात एक तुमचा कशाला?

पेबल बीचच्या आठव्या होलला ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायचा क्लब, काढू नका. फेअरवे, म्हणजे टी ते ग्रीनमधला कापलेल्या गवताचा पट्टा, मध्येच कड्याशी संपतो आणि दुसरा फटका दरीपलीकडे मारायचा असतो. दिग्गज गोल्फर जॅक निकलॉसचा हा आवडता दुसरा फटका. तो मारायला मिळावा म्हणून तरी पहिला आवरता घ्या.

पहिल्या तीन होल्सना समुद्र नीट दिसत नाही म्हणून तोंड वाकडं करू नका. चौथ्यापासून तो सोबत येतो, दहाव्यापर्यंत. पुन्हा सतराव्या-अठराव्याला.

ग्रीन्सचं गवत वेगळं, आपल्या बर्म्युडाची सवय विसरा.

बुकिंग आधी नीट वाचा. पेबल बीचला तिथल्याच हॉटेलात मुक्काम नसेल तर आदल्या दिवशीच फोन करून नशीब आजमावावं लागतं, आणि फी सहाशे डॉलरच्या वर. खेळायचं नसेल तर तिथल्या सतरा मैलांच्या किनारी रस्त्याची (17-माइल ड्राइव्ह) गेटवरची फी भरून आत जाता येतं, क्लबहाऊसच्या मागून अठरावं ग्रीन बघता येतं. शेजारच्या सायप्रस पॉइंट क्लबात मात्र सभासद आणि त्यांचे पाहुणे यांच्याखेरीज कुणाला खेळायला मिळत नाही, आणि ओल्ड हेडला नुसतं बघायला म्हणून गेलात तर गेटवरून परतावं लागेल. "आमचे ओळखीचे आहेत" तिथे चालत नाही.

आणि कॅडी. आपल्याकडे कॅडी चेंडू शोधतो, पुसतो, बंकर सारखा करतो, उखडलेली ढेकळं जागेवर बसवतो, वर "साहेब, अप्रतिम" असंही म्हणतो. परदेशात तो वेगळा बुक करावा लागतो, नाहीतर ट्रॉली तुमची आणि दांताळंही तुमचं. वीस वर्षं खेळणाऱ्या माणसाला चेंडूने ग्रीनवर पाडलेला खड्डा बुजवता येत नाही, हे पाहून मागच्या चौकडीतला एक आयरिश आजोबा स्वतः खाली वाकला. मला इतकी लाज वाटली की त्या दिवसानंतर मी चेंबूरलासुद्धा हे काम कॅडीला करू देत नाही. तो बिचारा अवघडून उभा राहतो.

सराव करायचाच असेल तर खारघरला, सिडकोच्या कोर्सवर जा. किंवा जूनच्या सुरुवातीला नैऋत्येचा वारा सुटतो, विजा नसतात आणि सगळे क्लबहाऊसमध्ये भजी मागवत बसतात, त्या तासाभरात चेंबूरलाच बाहेर पडा. मी दर वर्षी जाते. भाऊजींना दोनदा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले, "वहिनी, वारा जरा पडू दे."